बाईंनी न लिहिलेली ओळ

अम्माच्या सुपातल्या विड्या मोजून त्यांची बंडलं बांधायचं काम माझ्याकडे होतं. पंचवीस विड्यांचं एक बंडल, अशी चाळीस झाली की हजार भरल्या. विडीची मजुरी हजारावर मिळते, म्हणून आमच्या घरात दिवसही हजारानेच मोजला जायचा. मी पाचवीत असल्यापासून हा हिशेब तोंडातल्या तोंडात तेलुगूत करत आले. इरवै ऐदु, याभै, डेब्बै ऐदु, नूरु. अम्मा माल द्यायला कारखान्यात जायची तेव्हा तिचं एक बंडलही कधी कमी भरलं नाही. आणि तीच मी १९९५ साली, दहावीच्या सहामाहीत, गणितात नापास झाले.

सोलापूरचा पूर्व भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना आमचं घर वेगळं सांगायला नको. अशोक चौकातून आत शिरलं की बोळ, बोळात एकेका खोलीची घरं, आणि मधूनमधून यंत्रमागाचे कारखाने. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची ही वस्ती. पुरुष मागावर, बायका विडीवर. नायना, म्हणजे माझे वडील, चादरीच्या मागावर रात्रपाळी करायचे. मागांची खटखट रात्रभर चालायची आणि आम्ही त्यातच झोपायचो. वीज गेली की आवाज थांबायचा, आणि जाग यायची ती त्या शांततेने. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी, पलीकडच्या गल्लीत उर्दू. चार भाषांच्या मधोमध आम्ही वाढलो. त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. शाळेतल्या एका बाईंना मात्र वाटलं.

बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीच तसं सांगितलंय. त्या आम्हाला मराठी आणि इतिहास शिकवायच्या. मुंबईला सरकारची व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था होती, तिथलं प्रशिक्षण त्या काही वर्षांपूर्वी घेऊन आल्या होत्या. त्या प्रशिक्षणामुळे त्यांच्या पगारात काही वाढ झाली नाही आणि तासही कमी झाले नाहीत. शाळेने दिली ती एक खोली. भूगोलाचे गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचा एक मोडका गोल, एक टेबल आणि दोन खुर्च्या. दारावर पाटी नव्हती. आम्ही तिला नकाशांची खोली म्हणायचो. मधल्या सुट्टीत आणि शेवटची घंटा झाल्यावर बाई तिथे बसायच्या. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता.

सहामाहीचे पेपर मिळाले त्या आठवड्यात बाईंनी मला तिथे बोलावलं. बोलणी खायची तयारी ठेवूनच मी गेले. दोन खुर्च्या समोरासमोर असतील असं वाटलं होतं. त्या टेबलाच्या एकाच बाजूला, शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या, आणि टेबलावर माझा गणिताचा पेपर होता. बाईंनी ओरडणं तर सोडाच, पहिली पाच मिनिटं काहीच विचारलं नाही. त्या पेपर वाचत होत्या. मग म्हणाल्या, "आकड्यांत दिलेली सगळी उदाहरणं बरोबर आहेत. शब्दांत दिलेली सगळी चुकलीत. असं का गं?"

मला काय सांगता येणार? मी गप्प. बाईंनी कोरा कागद पुढे केला. "मी आकडे सांगते, भराभर लिही." त्रेपन्न म्हणाल्या, मी ३५ लिहिलं आणि खोडलं. चौऱ्याऐंशी म्हणाल्या, मी ४८ लिहिलं आणि खोडलं. दहा आकड्यांत चार खाडाखोडी. मग त्या म्हणाल्या, "आता हेच आकडे घरी जसे म्हणता तसे म्हण." मी म्हटलं, याभै मूडु. बाईंनी ते कागदावर मराठी अक्षरांत लिहून घेतलं आणि विचारलं, "याभै म्हणजे?" पन्नास. "आणि मूडु?" तीन. त्या कागदाकडे बघत राहिल्या. तेलुगूत पन्नास आधी आणि तीन नंतर; मराठीत तीन आधी आणि पन्नास नंतर. वेळ मिळाला की मी मनात उलटं-सुलटं करून बरोबर लिहायची. घाई झाली की घसरायची. आणि दहावीच्या पेपरात घाईशिवाय दुसरं काय असतं? वयांची उदाहरणं, 'पाच वर्षांपूर्वी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होते' अशी, त्यांत तर वाक्याचा अर्थ लावतानाच माझा जीव जायचा. समीकरण तयार झालं की पुढचं मला चुटकीसरशी सुटायचं.

"तू गणितात कच्ची नाहीस," बाई म्हणाल्या. दहा वर्षं शाळेत काढून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

पुढे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. दाक्षिणात्य भाषांत संख्या अशाच क्रमाने म्हणतात, लहान मुलांना ते सोपं जातं, असं त्या शांतपणे समजावून सांगत होत्या. लोक मराठीच्या अपमानाबद्दल बोलत होते. मी सोलापुरात बसून त्या बातम्या वाचत होते आणि मला नकाशांच्या खोलीतला तो खाडाखोडीचा कागद आठवत होता.

बाईंनी मला गणित शिकवलं नाही. ते त्यांचं कामच नव्हतं, आणि त्यांनी ते आपलं मानलंही नाही. त्यांनी माझं नेमकं कुठे अडतंय ते गणिताच्या सरांना सांगितलं. सरांनी मला सवय लावली : उदाहरणातल्या प्रत्येक अक्षरी संख्येवर आधी आकडा लिहायचा, मग अख्खं उदाहरण स्वतःला तेलुगूत सांगायचं, मगच क्ष धरायचा. मार्चमध्ये मला गणितात १५० पैकी ९७ मिळाले. फार नाहीत. पण माझ्या पुढच्या आयुष्याचं दार त्या सत्त्याण्णवांनी उघडलं.

आता जे सांगायचंय ते आजवर मी कुठे लिहिलेलं नाही.

डिसेंबरात एकदा बाईंनी विचारलं, "घरी अभ्यास कुठे बसून करतेस?" साधा प्रश्न. मी सांगू लागले, खोली एक आहे, भिजवलेली पानं गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात असतात, अम्मा मधोमध बसते, माझ्या वह्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून वर्गात मुली लांब सरकतात. बाई ऐकत होत्या. मी थांबले तरी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची ती पद्धत मला पुढे कळली. समोरचं माणूस थांबलं की लगेच आपलं सुरू करायचं नाही. कारण पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्याच्या पलीकडे असते. तशी ती माझीही होती. नायना पिऊन यायचे. पगाराच्या दिवशी अम्माला मारायचे. त्या रात्री मी धाकट्या भावाला घेऊन जिन्याखाली बसायची. हे मी त्या दिवशी बोलून गेले आणि बोलल्यावर माझे हातपाय गार पडले. उद्या शिक्षकांच्या खोलीत ही चर्चा होणार, शिपाईमामांना कळणार, गल्लीत येणार, असं वाटून दोन दिवस मी शाळेत गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले. कुणाच्या नजरेत काही नव्हतं. आठ दिवस मी प्रत्येक शिक्षकाचा चेहरा वाचत होते. कुणालाच काही माहीत नव्हतं. फक्त एवढं झालं की शाळा सुटल्यावर साडेसातपर्यंत नकाशांची खोली माझ्यासाठी उघडी राहू लागली. शिपाईमामांना कारण सांगितलं होतं, दहावीची मुलगी आहे, घरी जागा नाही. आणि पगाराच्या दिवशी काय करायचं हे बाईंनी माझ्याशी नीट बोलून ठरवून दिलं. कोणत्या शेजारणीकडे जायचं, भावाला आधीच कुठे पोचवायचं, अम्माला काय सांगायचं. रडू नकोस, सगळं ठीक होईल, असलं काही त्या कधीच म्हणाल्या नाहीत. सगळं ठीक होणार नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

त्या काळी शाळांत प्रत्येक मुलाचं संचयी नोंदपत्रक ठेवायची पद्धत होती. जाड कागदाचं घडीचं कार्ड. त्यात उंची, वजन, गुण, छंद, कौटुंबिक माहिती, शिक्षकांचा शेरा असे रकाने. बहुतेक ठिकाणी ते जूनमध्ये एकदा भरलं जाई आणि कपाटात जाई. बाई मात्र ते वर्षभर भरायच्या, शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात. निकालानंतर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला गेले तेव्हा त्यांनी माझं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते तुला माहीत असायला हवं." मी धडधडत्या छातीने कौटुंबिक माहितीचा रकाना बघितला. तिथे होतं : 'घरी तेलुगू बोलतात. घरी अभ्यासाला जागा नाही. सायंकाळी शाळेची खोली उघडी द्यावी. हिशेब उत्तम. वाणिज्य शाखा सुचवावी.' बस. जिन्याखालची ती रात्र त्या कार्डावर कुठेच नव्हती.

एवढं मी बघितलं आणि मला हुंदका आवरेना. इतकी वर्षं होऊन गेली, तरी ऋण म्हटलं की मला त्यांनी केलेल्या गोष्टी नंतर आठवतात. आधी आठवते ती ही न लिहिलेली ओळ.

मधली एक गोष्ट राहिली. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, भिवंडीचं एक स्थळ आलं. मुलगा मागावर होता, माणसं ओळखीतली होती, देण्याघेण्याची अट नव्हती. अम्माला ते सोन्यासारखं वाटलं. परीक्षा झाली की उरकून टाकू, असं घरात ठरलं. मी बाईंना सांगितलं आणि त्या रविवारी बाई आमच्या बोळात आल्या.

अम्मा दचकलीच. "का ओ बाई, पोरीनं काय केली का?"

"काही केलं नाही ओ तिनं. मला विडी वळायला शिकवता का?"

अम्माला वाटलं, चेष्टा आहे. बाई तोवर जमिनीवर बसून सूप मांडीवर घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. साच्यावर पान ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू पसरायची, वळायची, दोरा बांधायचा, टोकं दुमडायची. बाईंची पहिली विडी अम्माने उलगडून परत त्यांच्या हातात दिली. "ही चालत नाही बाई. कारखान्यात फेकतेत." दुसरीही उलगडली. तासाभरात बाईंच्या सहा विड्या झाल्या, त्यांतली एक अम्माने सुपात ठेवून घेतली. तोवर अम्माची भीड चेपली होती आणि ती आपणहून भिवंडीचं सांगू लागली होती.

बाईंनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे हा कायदा त्यांना अर्थातच माहीत होता. त्या दिवशी त्यांनी तो काढला नाही. गरज पडली असती तर काढला असता, असं त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्यांनी अम्माला विचारलं, "पोरगी विडीवर बसली तर दिवसाला किती वळेल?" पाचशे, सहाशे. "आणि एखाद्या ऑफिसात हिशेबाला बसली तर?" अम्मा काही बोलली नाही. बाईही बोलल्या नाहीत. बाहेर मागांचा आवाज येत होता. पुष्कळ वेळाने बाई म्हणाल्या, "दोन वर्षं द्या मला. बारावीपर्यंत. दोन वर्षांनी मी स्वतः येते. तेव्हा नाही म्हणालात तर ऐकते."

अम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "रेंडु एंड्लु." त्याचा अर्थ बाईंना सांगावा लागला नाही.

जाता जाता त्यांनी अम्माचं विडी कामगाराचं ओळखपत्र ट्रंकेतून काढून बघितलं. विडी कामगारांसाठी केंद्र सरकारचा कल्याण निधी आहे, १९७६ च्या कायद्याने केलेला, आणि त्यातून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. ते कार्ड आमच्या घरी कित्येक वर्षं पडून होतं. त्याचा असा उपयोग असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. फॉर्म, सही-शिक्का, शेवटची तारीख, सगळं बाईंच्या वहीत होतं. मुलांचं आयुष्य पुष्कळदा अशा एखाद्या शेवटच्या तारखेवर अडलेलं असतं, आणि ती तारीख सांगणारं कुणी नसतं.

दोन वर्षांनी बाई खरंच आल्या. त्यांनी आणखी तीन वर्षं मागितली. आज मी सोलापुरातच लेखापरीक्षणाचं काम करते. पतसंस्थांची, यंत्रमाग कारखान्यांची पुस्तकं माझ्याकडे असतात. आकडे मी अजूनही मनात तेलुगूतच मोजते.

पण एक नाव बाईंना आजही झोपू देत नाही. माझ्याच बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी. माझ्यापेक्षा हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिच्याही घरी तेच चाललं होतं. ती दोनदा नकाशांच्या खोलीकडे गेली, हे मला माहीत आहे, कारण मी तिला धाडलं होतं. दोन्ही वेळा खोलीला कुलूप होतं. बाई वर्गावर होत्या. त्यांचे तास पुरते भरलेले, वर परीक्षेचं काम. ती तिसऱ्यांदा गेली नाही. जूनमध्ये कळलं की तिचं लग्न होऊन ती सुरतेला गेली. गेल्या वर्षी बाईंना भेटायला मी पुण्याला गेले होते. त्यांनी पहिल्यांदा अम्माची चौकशी केली. अम्मा आता कुंभारीच्या विडी घरकुलात, २००६ साली कामगारांना मिळालेल्या दहा हजार घरांपैकी एका घरात राहते. आणि दुसरा प्रश्न त्यांनी त्या मुलीचा विचारला. "तिचा काही पत्ता लागला का गं?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तरी काय काय केलं असतं?"

त्या म्हणाल्या, "कुलूप नसतं तर बरं झालं असतं."

त्याच भेटीत मी त्यांना कार्डाचं विचारलं. जिन्याखालचं तुम्ही का लिहिलं नाही? त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "कार्ड शाळेचं. उद्या ते कुणाच्याही हातात जाणार. तू सांगितलंस ते तुझं होतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मात्र तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं असतं, तर मी गप्प बसले नसते. आणि तसं तुला आधी सांगितलं असतं."

समुपदेशनाच्या या कामाचा इतिहास मी पुढे हौसेने वाचला. अमेरिकेत बोस्टन शहरात, स्थलांतरितांच्या गरीब वस्तीत, १९०८ साली फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने कामाला लागणाऱ्या तरुण मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र उघडलं. शाळेतल्या समुपदेशकाचं मूळ तिथे शोधतात. परक्या भाषेच्या गावात पोटासाठी आलेल्यांची मुलं. म्हणजे आम्हीच की ते. मला ते वाचून नवल वाटलं नाही. जिथे आईबापांना शाळेची भाषा आणि गावाची वाट दोन्ही परकी असतात, तिथे असं माणूस लागतंच.

आपल्याकडे मध्यंतरी पुष्कळ झालं. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. माझ्या भाचीनेही ती दिली. हातात एक कागद आला, त्यावर तिचा कल 'गणवेशधारी सेवा' असा होता. तिने मला विचारलं, "पिन्नी (मावशी), म्हणजे पोलीस का?" कागद चांगला होता, चाचणीही बहुधा चांगली असेल. तो कागद घेऊन शेजारच्या खुर्चीत बसणारं माणूस तिच्या शाळेत नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर वर्तमानपत्रात देतं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर तर कोणत्याही वेळी लागतो. हे मी ओळखीच्या प्रत्येक मुलाला लिहून देते, तुम्हीही द्या. पण गणितात त्रेपन्नचे पस्तीस का होतात, हे फोनवर कळत नाही. त्यासाठी पेपर समोर लागतो, आणि मूल रोज डोळ्यांसमोर लागतं.

जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना सूचना दिल्या. ज्या संस्थेत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. बातमी वाचून मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "नेमलेल्या माणसाला वर्गाचे तास देऊ नयेत म्हणावं."

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमचं मूल, भाचा, पुतणी ज्या शाळेत जाते तिथल्या पुढच्या पालकसभेत उठून विचारा : तुमच्याकडे समुपदेशक कोण आहेत, त्या कोणत्या खोलीत बसतात आणि ती खोली किती ते किती उघडी असते? उत्तर लेखी मागा. आणि सभा संपल्यावर त्या वेळेला जाऊन बघा, दाराला कुलूप तर नाही ना.